सुट्टीत आईची ट्रेन सुटते

पत्र

नमस्कार ताई,

मी चारकोपला राहते, ऑफिस फोर्टला. घरात मी, नवरा, सासूबाई, मुलगी आठवीत आणि मुलगा चौथीत, दोघंही इंग्लिश मीडियमला. मला वाचनाचं वेड आहे, रुखवतात लाडूच्या ताटाशेजारी पुस्तकं मांडून घेतली होती मी, यावरून काय ते ओळखा. दरवर्षी नाताळच्या सुट्टीत मुद्दाम रजा टाकते, की मुलं घरी, आपण घरी, सगळ्यांनी मिळून मस्त वाचायचं. गेल्या वर्षी तर फ्रीजवर टाइमटेबल लावलं होतं, ११ ते १२ सगळ्यांनी वाचायचं, मोबाइल बंद. मी लहानपणी वाचलेली पुस्तकं माळ्यावरून काढून मुलाला दिली, रोज दहा पानं वाचायची आणि वाचनवहीत पाच ओळी लिहायच्या. तिसऱ्या दिवसापासून बरोब्बर ११ ला त्याच्या पोटात दुखायला लागलं. मुलगी पुस्तक उघडून बसायची पण आत मोबाइल. नवरा म्हणतो अगं सुट्टी आहे, सोड ना त्यांना. सासूबाईंचं गणपतीत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून दिवसभर सिरियल मोठ्या आवाजात लावून बसतात आणि मी पुस्तक हातात घेतलं की विचारतात, काय वाचतेस गं एवढं? आणि गंमत म्हणजे एवढं सगळं करून सुट्टीत माझं स्वतःचं एकही पुस्तक पुरं होत नाही. यंदा २८ तारखेपासून नणंद नाशिकहून दोन मुलांना घेऊन चार दिवस येतेय. दिवाळी अंक घेतलेत ते अजून प्लॅस्टिकमध्येच आहेत, त्यामुळे नवरा म्हणतो नवीन पुस्तक घरात आणायचं नाही. तर मला सांगा, या सुट्टीत मुलांना वाचनाची गोडी कशी लावू?

– वाचणारी आई, कांदिवली


उत्तर

नमस्कार,

प्रश्न तुम्ही मुलांच्या गोडीचा विचारलाय, पण पत्रात मला जे वाक्य टोचलं ते मुलांचं नाहीच, ते तुम्ही 'गंमत म्हणजे' असं म्हणून मध्येच टाकून दिलंय, की सुट्टीत तुमचंच पुस्तक पुरं होत नाही. त्यात गंमत कसली हो? वाचायला म्हणून रजा घ्यायची आणि ऑफिसच्या दिवसांपेक्षाही कमी वाचायचं, हे का होतं ते आधी बघू, मुलांचं नंतर, कारण मला वाटतं मुलांचा अर्धा प्रश्न यातच अडकलाय.

मला सांगा, एरवी तुम्ही वाचता कधी? पत्रात लिहिलं नाहीये पण कांदिवलीहून फोर्टला जाणारी बाई कधी वाचणार, ट्रेनमध्येच. चर्चगेटपर्यंत तासभर तरी जातोच, कधी बोरिवलीपर्यंत उलटं जाऊन सीट पकडायची, कधी 'कुठे उतरणार' विचारून कुणाची तरी अंधेरीची सीट बुक करायची, आणि काहीच नाही जमलं तर पार्टिशनला टेकून उभ्याउभ्या. येताना परत तेवढंच. म्हणजे रोज दीड-दोन तास असे आहेत की त्या वेळात तुम्हाला कुणी आई म्हणत नाही, वहिनी म्हणत नाही, पांढरे सॉक्स कुठायत विचारत नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नाहीत. शेजारची भाजी निवडत असते, समोरची झोपलेली असते, आणि तुम्ही वाचताय यात कुणाला काही विशेष वाटत नाही. रजा टाकली की पहिली काय जाते तर ती ट्रेन. मग वाचन कुठून होणार!

आणि इथे तुम्ही काय केलंत बघा, घरात आपल्यासाठी म्हणून तास मागायची सोय नाही (सोय आहे, पण तुम्हाला वाटत नाही), म्हणून तुम्ही तो तास मुलांच्या नावावर काढलात. सगळ्यांनी वाचायचं, मुलांना गोडी लागायला हवी, मोबाइल कमी व्हायला हवा. आता या कारणांना कोण नाही म्हणणार, सासूबाईही नाही म्हणणार. पण त्यामुळे झालं असं की त्या तासाच्या तुम्ही सुपरवायझर झालात. एक डोळा पुस्तकात, एक मुलीच्या पुस्तकातल्या मोबाइलवर, मधेच मुलाला ओवा-पाणी, मग वहीतल्या पाच ओळी तपासा. तुमचं वाचन झालं नाही आणि त्यांचंही नाही. मुलं हुशार असतात हो, त्यांना बरोबर कळतं की हा तास आपला नाही, आईला काहीतरी हवंय आणि त्यात आपल्याला बसवलंय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की या दोन गोष्टी आधी एकमेकींपासून सोडवा. तुमचं वाचन तुमच्या नावावर घ्या, उघड, कारण न देता. मुलांवर संस्कार व्हावेत म्हणून नाही, आदर्श म्हणून नाही, मला वाचायचंय म्हणून. त्यांनी तुम्हाला बघून वाचलं तर छान, नाही वाचलं तरी तुमचा तास काही फुकट गेला नाही.

कारण लागत नाही याचा पुरावा तुमच्या घरातच असेल बघा. २६ डिसेंबरला मेलबर्नला बॉक्सिंग डे टेस्ट सुरू होते, आपल्याकडे पहाटे ५ वाजता. तुमच्या मिस्टरांचं मला माहीत नाही, पण भारत खेळत असो नसो, मुंबईतल्या कितीतरी घरांत त्या दिवशी एक माणूस पहाटे पांघरूण घेऊन टीव्हीसमोर बसलेला असतो आणि त्याला कुणी विचारत नाही की काय बघतोस रे एवढं. चहासुद्धा मिळतो. हा माणूस असं म्हणत नाही की मुलांना कसोटी क्रिकेटची गोडी लागावी म्हणून बसलोय. त्याला बघायचं असतं, तो बघतो. तेवढाच हक्क तुम्हाला.

आता प्रॅक्टिकल बोलू, कारण चारकोपच्या म्हाडाच्या घरात अभ्यासिका नसते हे मलाही कळतं.

तास कुठला घ्यायचा, तर नवीन शोधू नका, तुमच्या रोजच्या ट्रेनचाच घ्या. समजा तुम्ही रोज आठला घर सोडता आणि साडेनऊपर्यंत ऑफिसला पोचता, तर त्या दीड तासात तुमचं घर तुमच्याशिवाय चालतंच ना, वर्षभर चालतं. सॉक्स सापडतात, दूध तापतं, सासूबाईंची गोळी घेतली जाते. फक्त रजेच्या दिवशी तुम्ही समोर दिसता म्हणून सगळ्यांचे हात गळून पडतात. तर आठ ते साडेनऊ आई ट्रेनमध्ये आहे, असं घरात सरळ जाहीर करायचं. सुट्टीत डबे नाहीत, मुलं उशिरा उठतात, बाहेर आपली ती मुंबईची थंडी म्हणजे पंखा पाचवरून दोनवर, याच्याइतका चांगला वेळ दिवसभरात दुसरा नाही. नाष्ट्याचं आदल्या रात्री सांगून ठेवा, पोळी आहे, तूप-साखर आहे, जॅम आहे, आठवीतली मुलगी पोळीवर जॅम लावू शकते आणि नवराही. आणि हाक कधी मारायची याचा नियम एकच, रक्त आलं तर किंवा गॅसचा वास आला तर. बाकी सगळं साडेनऊनंतर.

बसायचं कुठे? बेडरूमचं दार लावता येत असेल तर लावा, नसेल तर खरंच घराबाहेर पडा. सोसायटीची गच्ची, गार्डनमधलं बाक, जवळच्या वाचनालयाचं वर्तमानपत्रांचं टेबल, तिथे सकाळी आजोबा मंडळी असतात, कुणी कुणाशी बोलत नाही, उत्तम जागा. मोबाइल मात्र घरी ठेवून जा, नाहीतर तो तास व्हॉट्सअ‍ॅपवर गुड मॉर्निंग बघण्यात जाईल, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पहिल्या दिवशी दोनदा हाक येईलच. उठू नका. दुसऱ्या दिवशी कमी येते.

हे झालं तुमचं. आता मुलगा.

तुम्ही लिहिलंय की 'मी लहानपणी वाचलेली पुस्तकं' त्याला दिली. म्हणजे मराठी. आणि तो इंग्लिश मीडियमला चौथीत. इथे माझ्या मते त्याच्या पोटदुखीचं औषध आहे, आणि ते पोटात नाहीये. राज्यात २०२० च्या कायद्याने सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे धडा वाचणं, प्रश्नांची उत्तरं लिहिणं हे ही मुलं करतात, मार्कही चांगले असतात. पण मराठी कादंबरीची दहा पानं सलग वाचणं हे वेगळं काम आहे. या मुलांना शेजारी बसवून मोठ्याने वाचायला लावून बघा, 'उद्ध्वस्त' आला की थांबतात, 'कर्तृत्व' आला की थांबतात, वेलांटी पहिली का दुसरी बघतात, एक ओळ संपेपर्यंत वाक्याचं पहिलं टोक विसरलेलं असतं. सगळं डोकं अक्षरं जुळवण्यात खर्च होतं, गोष्ट कळायला काही उरतच नाही. अशा दहा पानांनंतर वर पाच ओळी लिहा म्हटलं तर कुणाच्याही पोटात दुखेल, माझ्याही.

पण याच मुलाच्या कानाची मराठी बघा. आजीच्या सिरियलमधले टोमणे त्याला कळतात, तुम्ही नवरा-बायको हळू आवाजात भांडता ते कळतं, मामाचे जोक कळतात. म्हणजे त्याचे कान मराठीत डोळ्यांच्या कितीतरी वर्षं पुढे आहेत. मग कानाने वाचू द्या की त्याला. तुम्ही वाचा, तो ऐकेल. चौथीतल्या मुलाला वाचून काय दाखवायचं, आता मोठा झाला, असं वाटेल, पण वाटू द्या.

कसं करायचं ते सांगते. डिसेंबरात मटार स्वस्त होतो, तुमच्याकडेही दोन-तीन किलो येत असणारच, करंजीला, उसळीला, फ्रीझरमध्ये ठेवायला. संध्याकाळी सात-साडेसातला जमिनीवर जुना पेपर पसरा, मटार ओता, एक टोप मध्ये, आणि सोलायला सगळ्यांना बसवा, मुलगा, मुलगी, सासूबाई, नवरा घरी असेल तर तोही. तुम्ही सोलायचं नाही. तुम्ही वाचायचं. हात गुंतलेले असले की मोबाइल आपोआप बाजूला राहतो, बंद कर म्हणावं लागत नाही, आणि 'आपण वाचनाला बसलोय' असं कुणालाच वाटत नाही, आपण मटार सोलतोय. मुलगा अर्धे दाणे तोंडात टाकेल, टाकू द्या. लांबलचक निसर्गवर्णन आलं की सरळ गाळा, लेखकाला कळत नाही. प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगत बसू नका, विचारला तरच सांगा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दाराची कडी वाजली, बाहेर कोण आहे, अशा जागी आलात की पुस्तक मिटा आणि म्हणा चला, कुकर लावायचाय. 'ए आई, पुढे काय?' आलं तर काम झालं. नाही आलं तर पुस्तक बदला, मुलगा बदलायची गरज नाही.

शेवटी तात्पर्य विचारायचं नाही. कृपा करून विचारायचं नाही.

ती वाचनवही पण माळ्यावर टाका. तुम्ही रोज ट्रेनमध्ये वाचून झाल्यावर विरारच्या गर्दीत पाच ओळी लिहिता का? नाही ना.

त्याला स्वतःहून वाचायचं असेल तर सोपं हवं, त्याच्या वयापेक्षाही सोपं, आणि इंग्लिश चालेल, कॉमिक्स चालेल, क्रिकेटच्या आकड्यांचं पुस्तक चालेल, बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजूही चालेल. मराठीत हवं असेल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन फुकट ठेवलेत, तुमच्या लहानपणीचा एखादा अंक सापडला तर तुम्हीच दोन तास उठणार नाही. प्रथम बुक्सची 'स्टोरीवीव्हर' वेबसाइट आहे, तिथेही मराठी गोष्टी मोफत आहेत आणि वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, पहिल्या पातळीवर पानाला एखादंच वाक्य. त्याला पहिल्याच पातळीपासून सुरू करू द्या, 'बाळांचं आहे' म्हणून हसू नका. सलग वाचून एक गोष्ट संपवल्याचा आनंद त्याला मराठीत अजून मिळालाच नसेल कदाचित.

मुलीचं जरा वेगळं आहे. आठवीतली मुलगी पुस्तकाच्या आत मोबाइल धरून तासभर बसते याचा अर्थ तिला तुम्हाला दुखवायचं नाहीये, नाहीतर ती सरळ नाही म्हणाली असती. त्या मोबाइलवर ती काय करत होती ते तुम्ही लिहिलं नाहीत. रील्स बघत असेल. पण असंही असेल की ती वेबटून, म्हणजे मोबाइलवरचं भागाभागाने येणारं कॉमिक, वाचतेय, किंवा त्या ऑनलाइन लांबच लांब कथा असतात ना, शेकडो भागांच्या, त्या वाचतेय. या वयाच्या मुली त्या रात्र रात्र वाचतात आणि घरचे म्हणतात पोरगी वाचत नाही. एकदा विचारा तिला गोष्ट काय आहे म्हणून. खरंच ऐकायचं असेल तरच विचारा, आणि ऐकून झाल्यावर 'यापेक्षा काहीतरी चांगलं वाच' हे वाक्य गिळून टाका. टाइमटेबलमधून तिचं नाव काढा. मोबाइलचा नियम ठेवायचाच असेल तर जेवताना नाही एवढा एकच ठेवा, पण मग तो बाबाच्या मोबाइललाही लागू आणि आजीच्या सिरियललाही. नाहीतर ती लगेच म्हणेल की नियम फक्त मलाच, आणि बरोबर म्हणेल.

एक दिवस दोघांना घेऊन फोर्टला जा. तुम्ही म्हणाल सुट्टीतही ऑफिसच्याच रस्त्याला? हो, तिथेच. तुमची मुलं रोज ऐकतात आई फोर्टला जाते, पण तुम्ही कुठे उतरता, कुठून चालता, पुस्तकवाला तुम्हाला ओळखतो का, हे त्यांनी पाहिलेलंच नसेल. २५ ला नको आणि रविवारी तर अजिबात नको, फोर्ट सामसूम असतो आणि वर मेगाब्लॉक. मधला एखादा वार बघा, गर्दी ओसरल्यावर अकराची लोकल धरा, चर्चगेटला उतरा. हुतात्मा चौकाच्या बाजूला फुटपाथवर जुनी पुस्तकं असतात, आता पूर्वीइतकी नाहीत राहिली पण आहेत, तिथे दोघांच्या हातात तीनशे-तीनशे रुपये ठेवा आणि सांगा यात काय हवं ते घ्या, भाव तुम्हीच करा. मग तुम्ही दोन पावलं लांब उभ्या राहा आणि काय घेतलं यावर एक शब्द बोलू नका. मुलाने गाड्यांचं चित्रांचं पुस्तक घेतलं, मुलीने मुखपृष्ठ बघून भयकथा घेतली, घेऊ द्या. घासाघीस करून मिळवलेलं पुस्तक दिलेल्या पुस्तकापेक्षा जास्त वेळा उघडलं जातं असं माझं मत आहे, पुरावा मागू नका. फुटपाथवर काही नाही आवडलं तर 'किताबखाना' हे पुस्तकांचं दुकान जवळच आहे, तिथे मुलांचा विभाग आहे आणि एसी आहे, फक्त तीनशेत तिथे फार काही येणार नाही हे आधीच सांगा.

पाय दुखले नसतील तर पुढे एशियाटिक सोसायटीच्या लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसा. सोसायटी १८०४ ची, टाऊन हॉलची ती इमारत १८३३ ची, मुलांना यात काही रस नसतो, पण त्या पायऱ्यांवर बसून सँडविच खाण्यात असतो. किंवा काळा घोड्याकडे वळा, डेव्हिड ससून लायब्ररीची १८७० ची दगडी इमारत बाहेरून दाखवा. बस, एवढंच. माहिती सांगत सांगत फिरवलंत तर ती शाळेची ट्रिप होईल.

आता सासूबाई. तुमच्या पत्रात हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं आणि तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा साधी मोनोफोकल लेन्स बसवतात, त्याने लांबचं छान दिसायला लागतं पण जवळचं वाचायला चष्मा लागतोच, आणि तो नंबर लगेच काढत नाहीत, डोळा स्थिर झाला की महिना-दीड महिन्याने काढतात. गणपतीत ऑपरेशन, आता डिसेंबर. त्यांचा जवळचा चष्मा झाला का? अनेक घरांत तो राहूनच जातो, कारण टीव्ही स्वच्छ दिसतो आणि सगळ्यांना वाटतं झालं आता. पेपर दिसत नाही हे म्हातारी माणसं सांगत नाहीत, परत खर्च नको म्हणून. तर आधी डॉक्टरकडे नेऊन तेवढं विचारून घ्या.

आणि 'काय वाचतेस गं एवढं' हा टोमणा असेलही, तुम्ही त्यांना ओळखता, मी नाही. पण एकदा तो प्रश्न आहे असं समजून उत्तर देऊन बघा. म्हणजे 'काही नाही' असं न म्हणता सांगा की यात एक बाई आहे, तिचा नवरा असा असा आहे, आणि तिने काय केलं माहितीय का. दिवसभर सिरियल बघणाऱ्या माणसाला गोष्टीची आवड नाही असं कसं म्हणणार? त्यांना संध्याकाळचं मटारचं वाचन आवडलं तर दुपारी मराठी ऑडिओबुक लावून द्या, स्टोरीटेल या अ‍ॅपवर मराठीत भरपूर आहेत, सिरियलच्या आवाजापेक्षा घराला बरं. नाही आवडलं तर सिरियल जिंदाबाद, तुम्ही आठ ते साडेनऊ ट्रेनमध्ये आहातच.

नणंदेचे चार दिवस वाचनाच्या खात्यातून वजा करा. चार मुलं, जमिनीवर गाद्या, बाथरूमची लाइन, एकतीसचा केक, यात टाइमटेबल काढलंत तर तुम्हीच रडाल. मटार मात्र चालू ठेवा, सोलायला आणखी हात मिळतील आणि नाशिकची मुलं मराठी मीडियमची असतील तर वाचायचं काम त्यांच्याकडे द्या, तुमच्या मुलाला कुणा मोठ्या भावाने वाचून दाखवलेलं आईपेक्षा जास्त आवडेल. सकाळचा तास जमला तर अर्धा घ्या. नणंदेला खरं कारण सांगा, दूध आणायला जाते वगैरे नको. काय सांगावं, ती पण पुस्तक घेऊन गच्चीवर येईल.

राहता राहिला नवऱ्याचा मुद्दा, की आहे ते वाचून झाल्याशिवाय नवीन आणायचं नाही. हा मुद्दा वाचणाऱ्या माणसाच्या घरात कुणी मांडू नये, पण मांडलाय तर वाद घालू नका, दुसरी वाट आहे. वाचनालयाचं पुस्तक हे घरात 'आणलेलं' नसतं, ते परत जातं. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं, ते लांब वाटत असेल तर तुमच्याच भागात एखादी सर्क्युलेटिंग लायब्ररी बघा, ठरावीक रकमेत पाळीपाळीने बरेच दिवाळी अंक वाचायला देण्याची योजना अजूनही कितीतरी ठिकाणी असते. पुढच्या वर्षी तीच घ्या, प्लॅस्टिकचा प्रश्नच येणार नाही.

यंदाचे अंक मात्र आजच फोडा. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासून धरतात, आणि तेव्हापासून ते दिवाळीत विकत घेतले जातात आणि त्यानंतर कधीतरी वाचले जातात, त्यामुळे डिसेंबर म्हणजे काही फार उशीर नाही. कथा आधी वाचा, लेख नंतर, वार्षिक राशिभविष्य सासूबाईंसाठी काढून ठेवा, नवीन चष्म्याने पहिलं तेच वाचतील. आणि नणंद निघताना वाचून झालेला एखादा अंक तिच्या बॅगेत टाका, पण वर तुमचं नाव लिहून, नाशिकला गेलेले दिवाळी अंक परत येत नाहीत.